बाजरीची गंजी रचून झाली, डॉक्टर ताई

डॉक्टर ताईंना सप्रेम नमस्कार.

परवा गंजी रचून झाली. वरून ताडपत्री बांधली, शिडीवरून खाली उतरलो आणि पहिली आठवण तुमची झाली. समोर येऊन आभार मानायला लागलो की तुम्ही "अहो काका, माझं कामच आहे ते" म्हणून विषय बदलता. म्हणून चारचौघांसमोर हे पत्र लिहितो आहे.

गेल्या वर्षीची चैत्रातली ती सकाळ. कडवळाची, म्हणजे वैरणीसाठी पेरलेल्या ज्वारीची, पहिली कापणी झाली होती. विहिरीने तळ गाठला आणि फुटवा गुडघ्याखालीच करपून थांबला. मग अवकाळीच्या दोन सरी आल्या, बुडख्यांतून हिरवेगार पोंगे वर आले. आमच्या सिन्नरच्या पूर्वेकडच्या रानात उन्हाळ्यात असं हिरवं दिसणं म्हणजे केवढं अप्रूप! दावणीतली वैरण सरत आलेली. उपाशीपोटी गाया तशाच सोडल्या. पंधरा मिनिटांत कपिला धापा टाकत आडवी झाली, पाठोपाठ संकरित गाय झोकांड्या खाऊ लागली.

माझे वडील याला किराळ लागणं म्हणायचे. शब्द मला ठाऊक होता. पण पावसाने ओढ दिली की खरिपाच्या ज्वारीला ते होतं, एवढंच मनात बसलेलं. उन्हाळ्यात पाणी देऊन वाढवलेल्या कडवळाचंही तसंच होईल, हे ध्यानात आलं नाही.

तुम्ही पोहोचलात तोवर कपिला गेली होती. तुम्ही थेट दुसरीकडे वळलात, तिच्या हिरड्या पाहिल्या, लालभडक. नायट्रेटची, म्हणजे पिकात साठणाऱ्या दुसऱ्या विषाची, बाधा असती तर रक्त चॉकलेटी दिसलं असतं आणि त्याचं औषध वेगळं, हे तुम्ही मला नंतर सांगितलंत. इथे सायनाइड होतं. रक्तात प्राणवायू असतो, पण शरीरातल्या पेशींना तो वापरता येत नाही, म्हणून रक्त लाल राहतं आणि जनावर गुदमरतं. तुम्ही सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून दिलंत. ती गाय उठून उभी राहिली तेव्हा माझी मंडळी तिच्या गळ्यात पडून रडली.

एवढ्यावर तुमचं काम संपलं होतं. तरी संध्याकाळी तुम्ही पुन्हा आलात. "का सोडल्या?" असं एकदाही विचारलं नाहीत. बांधावर बसून एक पोंगा तोडलात आणि कोवळ्या पानात, पाण्याचा ताण बसलेल्या फुटव्यात विष का जास्त असतं ते समजावलंत. ज्वारी निम्मी फुलोऱ्यात आल्यावर कापली, तर ती भीती पुष्कळ कमी होते. चांगली वाळवली तर बरंच विष उडून जातं. नायट्रेट मात्र वाळल्यावरही तसंच राहतं, म्हणून ताण बसलेल्या पिकाला युरियाचा मारा करायचा नाही. त्या दिवशी कोणी माझी चूक दाखवली असती तर मी मान खाली घालून ऐकलं असतं आणि काहीच शिकलो नसतो. तुम्ही माझ्याशी शेतकऱ्याशी बोलावं तसं बोललात.

चराईसाठी बाजरी करा, तिच्यात हे सायनाइड नसतं, असं तुम्ही म्हणाला होतात. यंदा फेब्रुवारीच्या शेवटी वीस गुंठे बाजरी केली. मांडीएवढी झाल्यावर तार ओढून एकेक पट्टा चारला. आधी दावणीला सुका कडबा, मग दुपारनंतर रानात. वीतभर बुडखा राहिला की जनावरं पुढच्या पट्ट्यात. बुडाशी डोळे शिल्लक राहिले म्हणून फुटवा जोमाने आला, आणि नायट्रेट साठतं तो खोडाचा खालचा भाग जनावरांच्या पोटातही गेला नाही.

दुसरा फुटवा पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या आधी, कापला. बाजरीचं ताट जाड, पानं दोन दिवसांत कुरकुरीत होतात आणि खोडात ओल तशीच राहते. घाई करून रचली असती तर गंजी आतून तापली असती, बुरशी आली असती. तुमची मिठाची युक्ती केली. कोरड्या बरणीत वैरणीचे तुकडे आणि चमचाभर मीठ घालून हलवलं. पहिल्या दिवशी मिठाचे गोळे झाले. चौथ्या दिवशी मीठ मोकळं राहिलं, तेव्हाच पेंढ्या बांधल्या. उलटापालट सकाळी गारव्यातच केली, म्हणजे पानं झडली नाहीत.

वैरण अजून हिरवट आहे, ताई. कपिलाची कालवड ती आवडीने खाते. ती आता गाभण आहे.

एक पेंढी तुमच्यासाठी बाजूला ठेवली आहे. या बाजूला फेरी झाली की या, सोडून तिचा वास घेऊन बघा.

तुमचा,
सिन्नर तालुक्यातला एक शेतकरी,
जि. नाशिक