न मागितलेली कादंबरी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वाचन कमी झाल्याची तक्रार वृत्तपत्रांतून वर्षानुवर्षे होत आली आहे आणि तिच्यावरचे उपायही साधारण ठरलेले असतात: मोबाइल बाजूला ठेवा, रोज थोडे तरी वाचा, निवडक पुस्तकांची यादी करून ती संपवा. पहिल्या दोन उपायांबद्दल माझे काही म्हणणे नाही. तिसऱ्याबद्दल मात्र आहे आणि त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे. ‘वेळ थोडा आहे, तेव्हा जे वाचायचे ते उत्तमच वाचा’ हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो. परंतु नोकरी, घरकाम, आजारपणे आणि मुलांचे अभ्यास यांतून जो काही वेळ हाती लागेल त्यात कादंबरी वाचू पाहणाऱ्या माणसाला तो अनेकदा वाचनापासून दूरच नेतो. अशा माणसाला यादीपेक्षा ग्रंथालयातले उघडे कपाट अधिक उपयोगी पडते, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे.

यादीतली कादंबरी हातात घेताना ती चांगली आहे हे आधीच ठरलेले असते. ती आवडली नाही तर उणीव आपल्यात आहे अशी शंका येते, त्यामुळे ती सोडवतही नाही आणि पुढेही जात नाही. चाळिसाव्या पानावर खूण घालून ती उशाशी पडून राहते आणि ती संपत नाही म्हणून दुसरे काहीच उघडले जात नाही. ग्रंथालयात सहज हाती आलेल्या कादंबरीचे असे नसते. तिच्यासाठी वेगळा पैसा मोजलेला नसतो, तिची शिफारस कोणी केलेली नसते, तिच्याविषयी कोणाला मत सांगायचे नसते. दोन प्रकरणांत मन रमले नाही तर ती निमूटपणे परत करता येते. ज्याच्याकडे वेळ कमी आहे त्याला पुस्तके निवडण्याच्या काटेकोरपणाहून ती सोडून देण्याच्या मोकळिकीची गरज जास्त असते आणि ती मोकळीक पुस्तक बदलून आणण्याच्या साध्या व्यवहारातच मिळते. परतीच्या तारखेचाही उपयोग होतो. स्वतःच्या मालकीचे पुस्तक कधीही वाचता येईल म्हणून कधीच वाचले जात नाही. मुदतीचे पुस्तक आज वाचावे लागते. (दंडाचा धाक त्यासाठी आवश्यक नाही. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१९ मध्ये विलंबशुल्क रद्द केले. पुस्तक परत करण्याची तारीख मात्र तिथेही राहिली.)

कादंबरीसाठी सलग, निवांत फुरसत लागते, ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकातील अनेक गाजलेल्या कादंबऱ्या मुळात तुकड्यातुकड्यांनीच वाचकांपर्यंत पोहोचल्या. चार्ल्स डिकन्स यांची पहिली कादंबरी १८३६ आणि १८३७ या वर्षांत मासिक हप्त्यांनी प्रसिद्ध झाली. आपल्याकडे हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून त्यांच्या कादंबऱ्या क्रमशः येत राहिल्या. दोन हप्त्यांच्या मधल्या काळात त्या वाचकांचेही संसार चाललेच होते. पात्राची एखादी लकब किंवा ठरावीक बोलणे पुन्हापुन्हा येणे, प्रकरण ऐन मोक्याच्या जागी थांबणे, मागच्या घटनेचा जाता जाता उल्लेख होणे, या गोष्टींना आपण आज शैली म्हणतो. पण मध्येच उठावे लागणाऱ्या वाचकाला धागा पुन्हा सापडावा, हेही काम त्या करीत असतात. हिशेबही फार अवघड नाही. रोजच्या वीस मिनिटांत दहा-बारा पाने होतात असे धरले, तर तीनशे पानांची कादंबरी महिन्याच्या आत संपते.

हे सर्वच कादंबऱ्यांना लागू आहे असा माझा दावा नाही. काहींची भाषा इतकी दाट असते, किंवा चार पिढ्यांच्या कुटुंबातली नाती इतकी गुंतलेली असतात, की दर वेळी दोन पाने मागे जाऊनच पुढे सरकावे लागते. अशी पुस्तके सुट्टीसाठी राखून ठेवावीत हे बरे. परंतु बहुतेक कादंबऱ्या तुटक वाचन सहन करतात, आणि काही तर त्यामुळे अधिक मुरतात. सकाळी दहा पाने वाचून कामाला लागलेल्या माणसाच्या डोक्यात दिवसभर त्या घरातले भांडण चालू राहते. तिने ते पत्र उघडायला नको होते, हा विचार भांडी घासताना किंवा रांगेत उभे असताना मनात येतो. एका बैठकीत कादंबरी संपवणाऱ्याला असा सहवास मिळत नाही. वाचनाच्या वेळेचा हिशेब करताना आपण पुस्तक उघडे असतानाची मिनिटे तेवढी मोजतो, मिटलेले असतानाचे तास मोजत नाही.

आता त्या कपाटाकडे येते. इतर विषयांची पुस्तके ग्रंथालयात विषयानुसार लावता येतात. अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दशांश वर्गीकरणात प्रत्येक विषयाला क्रमांक आहे, त्यामुळे मधमाश्यांवरचे पुस्तक शोधायला गेलेल्याला शेजारीही मधमाश्याच भेटतात. कादंबरीला असा विषय नेमून देता येत नाही. म्हणून पुष्कळ ग्रंथालये कादंबऱ्या वेगळ्या काढून लेखकाच्या आडनावानुसार लावतात, तर काही ठिकाणी त्या दाखल क्रमांकाने, म्हणजे ज्या क्रमाने ग्रंथालयात आल्या त्या क्रमाने उभ्या असतात. दोन्ही पद्धतींत शेजार निव्वळ योगायोगाचा असतो. प्रसिद्ध लेखकाच्या शेजारी, केवळ आडनावाचे पहिले अक्षर जुळले म्हणून, दोनच कादंबऱ्या लिहून थांबलेली एखादी लेखिका उभी असते. दाखल क्रमांकाच्या कपाटात तर एखाद्या वर्षी त्या ग्रंथालयात कोणकोणत्या कादंबऱ्या विकत घेतल्या गेल्या, याचा एक थरच्या थर समोर येतो. त्यांतल्या काही त्या वर्षी गाजल्या असतील, आज त्यांचे नाव कोणी घेत नाही, आणि तरीही तिसऱ्या पानापासून त्या वाचकाला धरून ठेवतात. माझ्या आवडत्या कादंबऱ्यांपैकी कितीतरी मला अशाच, शेजारचे पुस्तक काढायला गेले असताना मिळाल्या आहेत.

भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यांतला दुसरा ‘प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक’ असा आहे आणि तो सहज पटतो. तिसरा नियम अधिक चमत्कारिक आहे: ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’. इथे दृष्टी पुस्तकाच्या बाजूची आहे. वाचकाला ज्याचे नावही ठाऊक नाही, त्या पुस्तकापर्यंत तो पोहोचावा, ही जबाबदारी या नियमाने ग्रंथालयावर टाकली आहे. आणि ती पार पाडण्याच्या साधनांत रंगनाथन यांनी मुक्तद्वार पद्धतीला, म्हणजे वाचकाला थेट कपाटांपर्यंत जाऊ देण्याला, मोठे महत्त्व दिले. काचेआड कुलपात ठेवलेल्या आणि चिठ्ठीवर नाव लिहून मागवाव्या लागणाऱ्या पुस्तकांबाबत दुसरा नियम कसाबसा पाळला जातो, तिसरा अजिबात नाही. ज्याचे नाव माहीत नाही ते पुस्तक चिठ्ठीवर कसे लिहावे?

हीच अडचण आता नव्या रूपात आली आहे. संगणकावरून पुस्तक शोधण्याची, मागणी नोंदवून ते खिडकीवरून घेऊन जाण्याची सोय अनेक ठिकाणी झाली आहे. ज्यांना जिने चढवत नाहीत किंवा ज्यांच्याकडे ग्रंथालयात घालवायला पाऊण तासही नाही, त्यांना ती मोलाची आहे आणि तिच्याविरुद्ध बोलण्याचा माझा हेतू नाही. परंतु शोधाच्या चौकटीत आपण तेच लिहितो जे आपल्याला आधीच ठाऊक असते. ‘तुम्हाला हेही आवडेल’ असे सुचवणारी व्यवस्थासुद्धा आपल्या आणि आपल्यासारख्यांच्या आजवरच्या आवडीवरूनच हिशेब करते. आडनावाच्या अक्षराला आपली आवड माहीत नसते, म्हणूनच ते आपल्याला आवडीच्या बाहेर नेऊ शकते. खिडकीवरची देवघेव हीच मुख्य रीत झाली आणि कपाटांकडची वाट हळूहळू बंद झाली, तर वाचकांच्या तक्रारी येणार नाहीत; कारण न सापडलेल्या पुस्तकाबद्दल तक्रार करता येत नाही.

कपाटात काय ठेवायचे हे ठरवणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता असते, याचे एक उदाहरण कादंबरीच्या इतिहासातच आहे. लंडनमध्ये चार्ल्स एडवर्ड म्युडी यांनी १८४२ मध्ये वर्गणीवर पुस्तके देण्यास सुरुवात केली. वर्षाला एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग, भरली की एका वेळी एक खंड घरी नेता येत असे. कादंबरी तीन खंडांत असली तर एकच कादंबरी तीन वाचकांच्या घरी फिरू शकते, हे या व्यवसायाच्या सोयीचे होते. विकत घ्यायची तर ती साडेएकतीस शिलिंगांना पडत असल्याने वाचकही ग्रंथालयाकडेच वळत. त्यामुळे लेखक कादंबऱ्या तीन खंडांना पुरतील एवढ्या लांबवत राहिले, आणि म्युडींना जे कुटुंबात वाचण्याजोगे वाटत नसे ते लिहिताना बिचकत राहिले. पुढे १८९४ मध्ये म्युडींची संस्था आणि तशीच वर्गणीवर पुस्तके देणारी डब्ल्यू. एच. स्मिथ ही संस्था, या दोघांनी प्रत्येक खंडाला चार शिलिंगांहून जास्त किंमत देण्यास नकार दिला, तेव्हा काही वर्षांतच तीन खंडांची कादंबरी बाजारातून नाहीशी झाली. ग्रंथालय लेखनाची लांबीसुद्धा ठरवू शकते, तर वाचकाच्या नजरेला काय पडेल हे ते ठरवते यात नवल नाही.

म्हणून पुस्तकांच्या निर्लेखनाकडे, म्हणजे जुनी पुस्तके संग्रहातून बाद करण्याकडे, वाचकांनी लक्ष द्यायला हवे असे मला वाटते. जागा मर्यादित असते, नवी पुस्तके यावी लागतात, आणि लाकडाच्या लगद्यापासून केलेला आम्लयुक्त कागद पिवळा पडून बोटांत तुटू लागला की त्याला इलाज नसतो. तेव्हा काही पुस्तके बाद होणारच. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे असे सांगणारे रंगनाथनही वाढत्या सजीवाला जुने टाकून द्यावे लागते हे मान्य करतात. माझा आक्षेप आहे तो किती वेळा पुस्तक बाहेर गेले या एकाच आकड्यावर निर्णय घेण्याला. अमेरिकन अभ्यासक रिचर्ड ट्रुसवेल यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले, की ग्रंथालयातील सुमारे २० टक्के पुस्तकांवरच सुमारे ८० टक्के देवघेव चालते. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तर सांगतो, की विकत घेतलेल्या पुस्तकांपैकी जवळपास ४० टक्के पुस्तके पहिल्या सहा वर्षांत एकदाही बाहेर गेली नाहीत. या आकड्यांवरून उरलेली पुस्तके निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण कादंबऱ्यांच्या बाबतीत तो फसवा आहे. खालच्या कप्प्यात, पाठीवरचे नाव पुसले गेलेल्या कापडी बांधणीत असलेली कादंबरी कोणी नेत नाही, कारण ती कोणाला दिसत नाही. ग्रंथालयातच बसून वाचलेल्या पुस्तकाची नोंद बहुधा कुठेच होत नाही. आणि ज्या कादंबरीची पुन्हा आवृत्ती निघालेली नाही, तिची एक प्रत रद्दीत गेली की पैसे असूनही ती परत आणता येत नाही. उलट गाजत असलेल्या पुस्तकाच्या पाच प्रतींपैकी तीन गेल्या तरी कोणाचे काही बिघडत नाही.

ग्रंथपालांना माझी विनंती अशी की बाद करण्यासाठी काढलेल्या कादंबऱ्या थेट गठ्ठ्यात न बांधता काही महिने दर्शनी टेबलावर ठेवाव्यात, शक्य असेल तिथे पाठीवर नवी चिठ्ठी चिकटवून नाव ठळक लिहावे, आणि दुसऱ्या कोणत्या तरी ग्रंथालयात त्या पुस्तकाची प्रत आहे की नाही हे पाहिल्याशिवाय शेवटची प्रत काढू नये. नुकतीच परत आलेली पुस्तके लगेच कपाटात न लावता काही काळ वेगळी मांडली तर वाचक तिथे हमखास रेंगाळतात. तारखांचे शिक्के मारलेली पट्टी जिथे अजून पुस्तकात आहे तिथे ती फाडून टाकू नये, एवढी एक खासगी हौसेची मागणीही यात जोडते; बारा वर्षांच्या खंडानंतर आपणच ती कादंबरी नेत आहोत हे त्या पट्टीवरून कळते, संगणकाच्या नोंदीवरून वाचकाला कळत नाही.

वाचकांकडून फार काही नको. ठरवून आणायचे ते पुस्तक जरूर आणावे, पण दोन पुस्तके मिळत असतील तर त्यांतले दुसरे, त्याचे नाव न पाहता, पहिले पान वाचून घ्यावे.

आणि आपल्याला विनंती. पुस्तक परिचयाच्या पानावर जागा मिळते ती बहुतेक नव्या पुस्तकांना, आणि प्रकाशक प्रती पाठवतात ते पाहता ते स्वाभाविकही आहे. त्या पानावर महिन्यातून एकदा अर्धा स्तंभ वाचकांना द्यावा, ज्यात त्यांनी ग्रंथालयात अचानक सापडलेल्या आणि किमान पंचवीस वर्षे जुन्या असलेल्या एका कादंबरीविषयी दीडशे शब्दांत लिहावे. लेखकाचे नाव, प्रकाशनाचे वर्ष आणि पुस्तक कोणत्या ग्रंथालयात आहे, एवढी माहिती सोबत असावी, म्हणजे दुसऱ्या वाचकाला ते मागता येईल. ज्या लेखकांची पुस्तके आधीच सर्वत्र मिळतात त्यांच्यावरचा मजकूर संपादकीय विभागाने नम्रपणे परत करावा. असा स्तंभ सुरू झाल्यास पहिल्या काही महिन्यांसाठी मजकूर पाठवण्याची माझी तयारी आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक वाचक