रिसॉर्ट आलिशान, पण किनारा कोणाचा?

महोदय,

२०२४ च्या टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यामुळे बार्बाडोस या कॅरिबियन बेटाची राजधानी ब्रिजटाउन मराठी घराघरांत पोहोचली आणि बार्बाडोसला जाण्याचा विचार करणारेही वाढले. तेथील आलिशान रिसॉर्टविषयी छापून येणाऱ्या मजकुरात सजावट, स्पा आणि जेवणाचेच कौतुक असते. या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील अशाच एका रिसॉर्टमध्ये राहून आल्यावर मला त्याहून मोलाची वाटली ती एक गोष्ट अशी की, तेथील सर्व समुद्रकिनारे सार्वजनिक आहेत.

भल्या सकाळी, उंची खुर्च्या मांडल्या जाण्यापूर्वीच, स्थानिक ज्येष्ठ मंडळी गळाभर पाण्यात उभी राहून निवांत गप्पा मारत होती आणि त्यांना कोणीही हटकत नव्हते. दोन हॉटेलांच्या भिंतींमधून वाळूवर उतरणारी अरुंद सार्वजनिक वाटही तेथे जपलेली आहे. 

जमैकात मात्र १९५६ च्या किनारा नियंत्रण कायद्याने सामान्यांना समुद्रस्नानाचा सरसकट हक्क दिलेला नाही, म्हणून तेथील नागरिकांना न्यायालयाचे दार ठोठावावे लागले आहे. मला हे अत्यंत अन्यायकारक वाटते. आपल्या पर्यटन पुरवणीत कोणत्याही रिसॉर्टची माहिती देताना तेथील किनारा स्थानिकांना खुला आहे की नाही, हेही कृपया नमूद करावे.

– एक वाचक, ठाणे