ती. आई-बाबांस, होई आनहून

होई आन, व्हिएतनाम
फेब्रुवारीअखेर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोन रोज होतो, पण मुलं मध्ये घुसतात, रेंज जाते आणि बाबांचा प्रश्न तसाच राहतो : "अगं, पण दिवसभर करता काय तुम्ही तिथं?" म्हणून आज सविस्तर लिहितेय. मुक्ता आणि नील शेजारच्या पोरांबरोबर सायकली घेऊन भातशेतांकडे गेलेत आणि समीरची मीटिंग चाललीय, तोवर उरकते.

तर बाबा, सांगलीत असताना जे करतो तेच इथं करतो. भाजी आणतो, मशीन लावतो, मुलांच्या मागं लागतो. इथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढं. समीर इथून ज्याचं काम करतो ते पुण्याचं ऑफिस दहाला उघडतं तेव्हा इथं साडेअकरा झालेले असतात. म्हणजे सकाळ सगळी आपली, पण संध्याकाळ हातची जाते. सात ते दहा अभ्यास. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या साइटवरून फुकट उतरवता येतात, त्यामुळे ओझं वाहावं लागत नाही. तुमचा मंगळवार-गुरुवारचा गणिताचा तास मात्र बंद करू नका. मुक्ता माझ्यापुढं रडते आणि तुमच्यापुढं तीच गणितं निमूट सोडवते. नीलचं गणित बाजारात चालतं. डाँग या इथल्या चलनातल्या किमतीतली तीन शून्यं खोडायची, उरलेल्याला दहानं गुणायचं, तिनानं भागायचं, की झाले रुपये. तीस हजार म्हणजे शंभर, हे त्याला आता झोपेतही येतं. पहिल्या दिवशी तो "आई, आपण लक्षाधीश झालो" म्हणून नाचला होता.

आई, तुझ्यासाठी बाजाराचं लिहिते. लाल माठ मिळतो, अगदी आपल्याकडचाच. फणस, शेवग्याचा पाला, ओली हळद, शेंगदाणे, सालं काढलेली मूगडाळ, सगळं आहे. तूरडाळ नाही आणि ज्वारीचं तर नावच काढू नको. तांदळाचं पीठ मात्र हवं तेवढं, त्यामुळे घावन आणि भाकरी चालू आहे. माझी भाकरी अजून कडेला चिरतेच. आणि केळफूल! तू हाताला तेल लावून, एकेका फुलातला काळा दांडा काढत अख्खी दुपार घालवायचीस. इथं एक बाई घमेल्यात लिंबाचं पाणी घेऊन बसते आणि त्यावर इतकं पातळ केळफूल चिरते की बघत राहावं. पिशवी भरून दहा हजार डाँग, म्हणजे तेहतीस-चौतीस रुपये. ही माणसं ते कच्चंच खातात, शेवयांवर घालून. मी ते शिजवणार असं खाणाखुणांनी सांगितलं तर ती आणि शेजारची कोळीण दोघी हसायला लागल्या. मी खोबरं आणि वाटाणे घालून केलं. तुझ्यासारखं नाही झालं, पण पातेलं घासूनपुसून संपलं.

तुझ्या माळेचं काय, ही तुला काळजी असणार. इथं पालेभाजीतसुद्धा मासे मिठात मुरवून काढलेलं पाणी घालतात, त्यामुळे "भाजीच आहे" यावर विसंबून चालत नाही. पण अमावास्या झाली की प्रतिपदेला आणि पौर्णिमेला इथले बरेच बौद्ध लोक शाकाहारी जेवतात, आणि त्यासाठीच्या खाणावळी महिनाभर उघड्या असतात. 'चाय' अशी पाटी बघायची आणि बिनधास्त आत शिरायचं. त्या दिवशी आमच्या घरमालकीणबाई पूर्वजांच्या फोटोंपुढं फळं, फुलं मांडून उदबत्ती लावतात. आता नीलला आदल्या दिवशीच कळतं, कारण पूजा झाल्यावर केळी त्याला मिळतात.

नीलच्या तापाचं फोनवर अर्धवटच बोलणं झालं. टेटच्या सुट्टीत, म्हणजे इथल्या नववर्षात, दुकानं बंद, रस्ते सामसूम, आणि ह्याला एकशे तीन ताप. इथं डेंग्यू असतो, त्यामुळे समीरचा चेहरा उतरला होता. जवळच्या दा नांग शहरातल्या दवाखान्यात रात्री रक्त तपासलं, डेंग्यू नव्हता. घरी आलो तर घरमालकीणबाई दारात उभ्या. त्यांनी हिरव्या रंगाचं झणझणीत वासाचं तेल नीलच्या तळपायांना चोळलं, वर मोजे चढवले आणि सकाळी आलं घालून पातळ पेज आणली. भाषेचा एक शब्द कळत नाही, पण तुम्ही असतात तर हेच केलं असतं. विम्याचे पैसे अजून आलेले नाहीत. ती कटकट वेगळी.

कंदिलांचे फोटो तुम्ही बघितलेत, जुन्या गावाचं तेवढंच पुरे. संध्याकाळी तिथं पाय ठेवायला जागा नसते. पण तिथल्या जुन्या घरांत तुम्हाला न्यायचंय. थू बोन नदी दर पावसाळ्यात, ऑक्टोबर-नोव्हेंबरला, गावात शिरते. तान की नावाच्या घराच्या भिंतीवर एकेका पुराची खूण आहे, 1964 ची पार डोक्याच्या वर. आपल्या जिन्याजवळ बाबांनी 2005 आणि 2019 ची रेघ मारलीय ना, तशीच. दुसऱ्या एका घरात माडीच्या जमिनीला झडप ठेवलीय. पाणी चढायला लागलं की सामान त्या झडपेतून वर ओढून घ्यायचं. मुक्ता म्हणाली, आपल्या गावभागातल्या घराला पण हे करूया. कृष्णेच्या काठच्या माणसानं बघावं असंच आहे.

बाबा, आम्ही सगळे 'मी सन' नावाच्या ठिकाणी जाऊन आलो. इथून चाळीसेक किलोमीटर, डोंगरांच्या कोंडाळ्यात इथल्या जुन्या चंपा राज्याच्या चाम राजांनी बांधलेली विटांची देवळं. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजानं भद्रेश्वर म्हणून शंकराची स्थापना केली आणि पुढं तेराव्या शतकापर्यंत तिथं बांधकाम चालू होतं. विटांच्या सांध्यात चुना दिसत नाही, नखसुद्धा जात नाही. सगळ्यात मोठं देऊळ 1969 मध्ये अमेरिकी बॉम्बहल्ल्यात गेलं. खड्डे अजून आहेत, त्यात गवत वाढलंय. आपल्या पुरातत्त्व खात्याचे लोक तिथं दुरुस्तीला होते, आणि 2020 मध्ये त्यांना नवव्या शतकातलं अखंड दगडी शिवलिंग सापडलं. नील आत शिरल्याबरोबर घंटा शोधत होता. आणि हो, व्हिएतनामनं महाराजांचा गनिमी कावा वाचून अमेरिकेला हरवलं आणि त्यांच्या नेत्याच्या समाधीवर 'शिवाजी महाराजांचा मावळा' असं लिहिलंय, हा तुमच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड कृपा करून पुढं ढकलू नका. हो ची मिन्ह यांच्या समाधीवर तसलं काही नाही. महाराजांना असल्या प्रमाणपत्राची गरजही नाही.

आता जरा अवघड विषय. इथं येण्याआधीचा मलेशियातल्या पेनांगचा महिना मजेत गेला. थायलंडमधल्या चिआंग माईत मात्र नीलला जिवाभावाचा मित्र मिळाला आणि निघताना तो विमानतळापर्यंत रडत होता. इथं आल्यावर कितीतरी दिवस तो शेजारच्या पोरांकडे फिरकला नाही. "आपण जाणारच आहोत ना?" म्हणाला. सहा वर्षांच्या पोरानं असा हिशोब मांडावा हे मला झोंबलं. मुक्ताला वेगवेगळे देश हवेत, तिचा नकाशा रोज उघडा असतो. पण दोघांना एकाच मापानं मोजून चालणार नाही. तेव्हा पुढचा देश रद्द. नव्वद दिवसांचा ई-व्हिसा संपतोय म्हणून मार्चमध्ये क्वालालंपूरला जाऊन, नवा व्हिसा घेऊन इथंच परत. मेअखेर गाशा गुंडाळायचा आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आत सांगली. मुक्ता सहावीत, नील दुसरीत. शिक्षणहक्क कायद्यात वयानुसार वर्गात प्रवेश देण्याची तरतूद आहे हे तुम्हाला मी काय सांगणार, पण हेडमास्तरांना एकदा भेटून ठेवा. तुमचे विद्यार्थीच आहेत ते.

त्याआधी तुम्ही दोघं इथं या. मार्चअखेर ते एप्रिल हवा चांगली असते, मेमध्ये फार तापतं. मुंबईहून हो ची मिन्ह सिटीला थेट विमान आहे, तिथून दा नांग सव्वा तास. समीर घ्यायला येईल. बाबा, आईच्या पासपोर्टचं नूतनीकरण आजच भरा. त्या कपाटातल्या जुन्या पासपोर्टवर लग्नाआधीचं नाव आहे, ते बदलायचं असेल तर तेही आत्ताच बघा. आईचे गुडघे बघून खालच्या मजल्यावरची खोली सांगून ठेवलीय.

येताना तूरडाळ, गोडा मसाला, आमसुलं आणि ज्वारीचं पीठ. हळद आणू नका. सांगलीकराला हे सांगणं म्हणजे धाडसच, पण इथं ढीग आहे. भडंग दोन किलो तरी हवं, एक किलो समीर एकटाच फस्त करतो.

तुमची,
मनू