फसलेल्या औषधाची बातमीपण छापा की

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत रक्त गाळणाऱ्या फिल्टरची बातमी होती. सेप्सिस, म्हणजे इन्फेक्शनने अख्खं शरीर बिघडतं तो आजार, झालेला पेशंट, डॉक्टरांनी आशा सोडलेली, मग हे फिल्टर लावलं आणि माणूस चालत घरी गेला, सोबत हसरा फोटो. माणूस बरा झाला, उत्तमच झालं. पण तेच फिल्टर लावून किती जण गेले, न लावता किती वाचले, यावर अख्ख्या बातमीत एक ओळ नाही. आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाचा फोन, की मावशी, बाबांना आयसीयूत ठेवलंय, ते पेपरात आलेलं फिल्टर लावायला सांगू का डॉक्टरांना, पैशाचं बघू, गावची जमीन आहे थोडी. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

मी मुंबईतल्या एका म्युनिसिपल हॉस्पिटलच्या आयसीयूत सिस्टर होते, आता रिटायर आहे. मी डॉक्टर नाही आणि कुणाला औषध सांगत नाही. पण आयसीयूत आलेली नवीन नवीन औषधं, मशीन, पद्धती डोळ्यांनी बघितल्यात आणि त्यातल्या कितीतरी गुपचूप गेलेल्यापण बघितल्यात. येताना गाजावाजा, जाताना कुणालाच पत्ता नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की जाण्याची बातमीपण तुम्ही छापा, कारण बाहेर बाकड्यावर बसलेले नातेवाईक तुमचाच पेपर वाचत बसलेले असतात आणि त्याच्यावर जमिनी विकायचं ठरवतात.

फिल्टरचंच घ्या. सेप्सिसमधलं विष रक्तातून खेचून घेतं असं एक पॉलिमिक्सिनचं फिल्टर आहे, त्याच्यावर अमेरिका कॅनडात 450 पेशंटची ट्रायल झाली, निकाल 2018 ला आला. अर्ध्यांना खरं फिल्टर, अर्ध्यांना नुसतं लावल्यासारखं केलं. 28 दिवसांनी दोन्हीकडचे मृत्यू बघितले तर म्हणण्यासारखा फरक नाही. तुमच्या बातमीतलं फिल्टर वेगळ्या कंपनीचं असेलही, पण हा जुना निकाल बातमी लिहिणाऱ्याला माहीत असता तर त्याने डॉक्टरांना निदान एक तरी अडचणीचा प्रश्न विचारला असता ना.

आता माझ्या डोळ्यासमोरची गोष्ट सांगते, शुगरची. 2001 साली बेल्जियममधून एक रिसर्च आला की आयसीयूतल्या पेशंटची शुगर इन्सुलिन देऊन 80 ते 110 च्या मधेच ठेवली तर मृत्यू कमी होतात. ते सगळं एकाच हॉस्पिटलचं, सर्जरीच्या आयसीयूतलं काम होतं, पण जगभर सगळ्यांनी उचललं आणि आमच्याकडेपण आलं. म्हणजे काय तर दर तासाला बोट टोचायचं, आकडा लिहायचा, इन्सुलिनचा पंप कमी जास्त करायचा, रात्री एक सिस्टर आणि चार पेशंट, त्यात एकाचं सक्शन, म्हणजे नळीतला कफ खेचणं, चाललंय, दुसऱ्याचं बीपी पडतंय, आणि शुगर मोजायच्या स्ट्रिप संपल्या की स्टोअरला इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, देऊन वाट बघायची. पेशंटच्या बोटांची चाळणी व्हायची. आणि खरी भीती वेगळीच होती, जागा माणूस शुगर पडली की घाम येतो, घाबरतोय, चक्कर येते असं सांगतो, पण सेडेशनवरचा, म्हणजे औषधाने झोपवलेला, माणूस काहीच सांगत नाही, तो तसाच शांत पडलेला असतो आणि ग्लुकोमीटरवर आकडा येतो चाळीस. मग धावत जाऊन डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी, शिरेतून पुश करायचं. हे सगळं आम्ही वर्षानुवर्षं केलं, कारण रिसर्चने सांगितलं होतं.

मग 2009 ला ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा वगैरे मिळून मोठी ट्रायल झाली, नाइस-शुगर नाव तिचं, सहा हजारांच्या वर पेशंट. निघालं काय, तर शुगर अशी आवळून धरलेल्या गटात 90 दिवसांत 27.5 टक्के गेले आणि 180 च्या खाली ठेवा म्हणजे झालं असं ठेवलेल्या गटात 24.9 टक्के. म्हणजे आवळून धरण्यात जास्त माणसं जात होती! तेव्हापासून आयसीयूत 180 च्या आसपासचा आकडा बघून कुणी घाबरत नाही. पण आजही नातेवाईक येऊन भांडतात, शुगर 160 आहे आणि तुम्ही काहीच करत नाही म्हणून. त्यांची चूक नाही हो, त्यांना हे कुणी सांगितलंच नाही.

झिग्रिस नावाचं औषध आठवतं का कुणाला? सेप्सिसवरचं, 2001 ला अमेरिकेत मान्यता मिळाली, भयंकर महाग, तेव्हा कॉन्फरन्समधून सगळे त्याच्याबद्दलच बोलायचे. 2011 मधे नवीन ट्रायलमधे फायदा दिसला नाही म्हणून कंपनीनेच बाजारातून काढून घेतलं. दहा वर्षं चाललं! आणि अल्ब्युमिन, रक्तातलं एक प्रोटीन. रिपोर्टमधे अल्ब्युमिन कमी दिसलं की नातेवाईक स्वतःच विचारतात, बाटली आणू का, आणि ती छोटीशी बाटली काही हजारांची. सलाइनऐवजी अल्ब्युमिन देऊन जास्त पेशंट वाचतात का हे ऑस्ट्रेलिया न्यूझीलंडवाल्यांनी जवळपास सात हजार पेशंटवर करून बघितलं, 2004 ला निकाल आला, दोन्हीकडे मृत्यू सारखेच. लिव्हरच्या काही पेशंटला ते लागतं, तो भाग वेगळा. पण सरसकट प्रत्येकाच्या मुलाला केमिस्टकडे पळवायची गरज नसते.

कोविड तर तुमच्या माझ्या सगळ्यांच्या समोरच झाला. एप्रिल 2021 आठवा, सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एकच मेसेज, प्लाझ्मा पाहिजे, अमुक ग्रुप, अर्जंट, कृपया पुढे पाठवा. रक्तपेढ्यांना फोन, ओळखी काढणं, बरे झालेल्यांच्या हातापाया पडणं. आणि त्याच्या सहा महिने आधी आपल्याच आयसीएमआरने, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेने, देशातल्या 39 हॉस्पिटलांत 464 पेशंटवर ट्रायल करून ऑक्टोबर 2020 मधे जाहीरपणे छापलं होतं की प्लाझ्माने आजार वाढायचा थांबत नाही की मृत्यू कमी होत नाहीत. आपल्या देशातली, आपल्या पेशंटवरची, एवढ्या गडबडीत नीट केलेली ट्रायल, मला तर त्याचा अभिमान वाटला होता. पण कोविडच्या उपचारांच्या सरकारी यादीतून प्लाझ्मा निघाला मे 2021 मधे, म्हणजे लाट ओसरायला लागल्यावर. रेमडेसिविरसाठी केमिस्टच्या दुकानाबाहेर रात्रभर रांगा लागल्या, काळ्या बाजारात वाट्टेल तो भाव, आणि व्हेंटिलेटरवर गेलेल्या पेशंटचा जीव वाचण्यात त्याने फरक पडत नाही हे जागतिक आरोग्य संघटनेच्या ट्रायलमधे आधीच दिसलं होतं. पेपरात रांगेचे फोटो पहिल्या पानावर, ट्रायलचा निकाल कुठेतरी आत चार ओळींत. मी कात्रणं ठेवत नाही पण हे मला पक्कं आठवतं.

बरं, ज्याने खरंच माणसं वाचली ते काय होतं? डेक्सामेथासोन. कुठल्याही मेडिकलमधे मिळणारं जुनं स्टिरॉइड, काही रुपयांत. इंग्लंडमधल्या रिकव्हरी ट्रायलमधे जून 2020 मधे दिसलं की व्हेंटिलेटरवरच्या कोविड पेशंटमधले मृत्यू 41 टक्क्यांवरून 29 वर आले. आणि त्याच ट्रायलने हेपण सांगितलं की ज्यांना ऑक्सिजन लागतच नाही त्यांना ते देऊन उपयोग नाही, उलट नुकसान होऊ शकतं. हा दुसरा अर्धा भाग लोकांपर्यंत पोचला असता तर घरी बसून स्टिरॉइडच्या गोळ्या खाणारे थोडे तरी कमी झाले असते.

फुप्फुसं निकामी झालेल्या पेशंटला रोज सोळा तास तरी पालथं झोपवायचं, हे फ्रान्समधल्या 2013 च्या ट्रायलने सिद्ध केलं, 28 दिवसांतले मृत्यू 33 टक्क्यांवरून 16 वर. अर्धे! त्याला लागतं काय, तर चार पाच माणसं. डोक्याशी डॉक्टर ट्यूब घट्ट धरून, दोन बाजूंना सिस्टर आणि वॉर्डबॉय मामा, एकजण लाइन आणि कॅथेटर सांभाळायला, आणि एक दोन तीन म्हणून एकदम वळवायचं, मग तोंडाखाली, छातीखाली, गुडघ्याखाली उशा, नाहीतर गालावर फोड येतात. तसंच व्हेंटिलेटरचं. 2000 साली अमेरिकेतल्या ट्रायलमधे कळलं की प्रत्येक श्वासाला हवा कमी भरली तर माणसं जास्त वाचतात, किलोमागे 12 मिलीऐवजी 6. आणि हा किलो म्हणजे काट्यावरचं वजन नव्हे बरं का, उंचीवरून काढलेलं, कारण माणूस जाडा झाला म्हणून फुप्फुसं मोठी होत नाहीत. म्हणून आम्ही झोपलेल्या पेशंटची टेपने टाचेपासून डोक्यापर्यंत उंची मोजायचो. पाच फूट पाच इंचाचा पुरुष असेल तर साधारण 370 मिली, मग त्याचं वजन साठ असो की नव्वद. नातेवाईकांना वाटायचं सिस्टर शिंप्यासारखं काय मोजतेय. टेपची किंमत दहा रुपये असेल. यात कुठल्या कंपनीला विकायला काही नाही, मग पत्रकार परिषद कोण घेणार, आणि तुमच्यापर्यंत प्रेसनोट कोण पाठवणार?

अजून एक छापा. ब्राझीलमधे 36 आयसीयूंत 2019 ला बघितलं की नातेवाईकांना दिवसाला बारा तासांपर्यंत बसू दिलं तर काय होतं. पेशंटचं भ्रमिष्टासारखं बडबडणं काही कमी झालं नाही, पण इन्फेक्शन वाढलं नाही आणि घरच्यांची भीती, खचून जाणं बरंच कमी झालं. आपल्याकडे संध्याकाळी पाच मिनिटं, तेपण एकानेच, आणि कारण विचारलं तर इन्फेक्शन. खरं कारण जागा नाही, दोन बेडच्या मधे सिस्टरला उभं राहता येत नाही तिथे मुलाला कुठे बसवणार, मग तसं सांगा ना सरळ.

आता कुणी म्हणेल, सिस्टर, रिसर्च असा उलटसुलट बदलतो तर त्याच्यावर विश्वास का ठेवायचा. अहो, ट्रायल केली म्हणून तर कळलं. आफ्रिकेतल्या तीन देशांत, युगांडा, केनिया, टांझानिया, तापाने फणफणलेल्या आणि रक्ताभिसरण मंदावलेल्या तीन हजारांवर मुलांवर ट्रायल झाली. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे भराभर सलाइन दिलेल्या मुलांतली साडेदहा टक्के 48 तासांत गेली आणि भराभर न दिलेल्यांतली सव्वासात. 2011 चा निकाल, मोठमोठे डॉक्टर हबकले. तिथे व्हेंटिलेटर नाहीत, मलेरिया आहे, अ‍ॅनिमिया आहे, गोऱ्या लोकांच्या पुस्तकातलं तिथे चालत नाही. मग आपल्या मुंबईचं काय? पावसाळ्यात लेप्टो (साचलेल्या घाण पाण्यातून होणारा ताप), डेंग्यू, मलेरियाने आमचे बेड भरायचे, 26 जुलैच्या पुरानंतरचं लेप्टो तर विसरता येत नाही. लेप्टोत फुप्फुसात रक्त उतरलं तर स्टिरॉइड द्यायचं की नाही, याचं ठाम उत्तर मोठ्या ट्रायलने अजून दिलेलं नाही. ते लंडनहून कोण शोधून देणार, इथेच शोधायला लागणार, केईएम, सायन, नायरमधेच.

आणि तिथे गाडी अडते सहीवर. पेशंट बेशुद्ध, सही बायकोची नाहीतर मुलाची, आणि तुमच्यासारख्या पेपरात वर्षातून एकदा हेडिंग, गरीब रुग्णांवर औषधांचे प्रयोग. कुठे फसवून सह्या घेतल्या असतील तर जरूर सोलून काढा, मीच टाळ्या वाजवीन. पण मग हेपण लिहा की औषधांच्या ट्रायलसाठीच्या 2019 च्या सरकारी नियमांप्रमाणे एथिक्स कमिटीच्या, म्हणजे पेशंटचं हित बघणाऱ्या समितीच्या, मंजुरीशिवाय ट्रायल सुरू होत नाही, ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई द्यायला लागते, नाही म्हटलं तरी नेहमीचे उपचार चालूच राहतात, आणि कुठल्या गटात जाणार ते कॉम्प्युटर चिठ्ठी काढून ठरवतो कारण कुठलं चांगलं ते खरंच अजून माहीत नसतं. बायका मला विचारायच्या, सिस्टर, आमच्या माणसाला खरं औषध मिळणार की पाणी? मी सांगायचे, ते मलापण माहीत नाही आणि डॉक्टरांनापण नाही, आणि खरं औषधच बरं असेल असंही नाही, झिग्रिसपण खरं औषधच होतं.

तुमच्या वार्ताहरांना एक काम सांगते, फार मोठं नाही. 2009 पासून देशातल्या औषधांच्या ट्रायल सीटीआरआय नावाच्या सरकारी वेबसाइटवर नोंदवायला लागतात, कुणीही फुकट बघू शकतं. मुंबईतल्या आयसीयूंच्या ट्रायल तिथून शोधा, सुरू कधी झाल्या, संपल्या का, संपल्या असतील तर निकाल कुठे आहे ते हॉस्पिटलला फोन करून विचारा आणि मिळालं ते छापा, नाही सांगितलं तर नाही सांगितलं असं छापा. नवीन मशीनची बातमी आली तर किती पेशंटवर केलं, कुणाशी तुलना केली, मृत्यू कमी झाले की नुसते रिपोर्टमधले आकडे सुधारले, आणि खर्च कोण करतंय, एवढं विचारल्याशिवाय फोटो लावू नका. जागा कमी पडत असेल तर राशिभविष्य एक दिवस बारीक टायपात घ्या.

आपली वाचक,
एक रिटायर्ड आयसीयू सिस्टर, काळाचौकी, मुंबई