निळ्या वहीतली वेबसाइट

चेडवा,

'काकी, काय लिहायचं ते लिही, पण माझं नाव घालू नको,' असं तू फोनवर बजावलंस. नाव घालत नाही. पत्र मात्र चारचौघांत लिहिणार. वेबसाइटपायी मी फसले ते अख्ख्या वाडीला कळलं होतं, मग तू ती नव्याने कशी उभी केलीस तेही कळू दे.

फसले कशी ते आधी सांगते. आमच्यासारख्या घरगुती धंदेवाल्यांना त्याचाच उपयोग जास्त. आमसुलं, आगळ, अमृतकोकम आणि कोकमतेल, आम्ही मुटयाल म्हणतो ते, एवढाच आमचा पसारा. कुडाळच्या बाजारात आणि हायवेवरून मालवणला जाणाऱ्या गाड्यांत माल खपायचा, पण पावसाळ्यात सगळं थंड. म्हणून शहरातल्या एकाकडून वेबसाइट करून घेतली. पंचवीस हजार दिले. पंधरा दिवसांत 'झाली' म्हणाला. उघडते तर वर हा मोठा फोटो, मँगोस्टीनचा! जांभळं कवच, आत पांढऱ्या पाकळ्या. रातांब्याच्या, म्हणजे आमच्या कोकमाच्या फळाच्या, भावकीतलंच फळ ते, पण रातांबा नव्हे. खाली टाय लावलेली माणसं एकमेकांशी हात मिळवत होती. आमच्या पडवीत टाय लावून आजवर फक्त एक बँकवाला आलाय. फोन नंबर फोटोतच छापलेला, त्यावर बोट ठेवून फोन लागेना. आणि मराठी मजकूर म्हणजे छापखान्यातून आणलेल्या लेबलाचा, जुन्या डीटीपी फॉन्टमधला, तसाच उचलून चिकटवलेला. 'आमसुलं' लिहिलंय तिथे इंग्रजी अक्षरांची आणि कंसांची भेळ.

तरी मी गप्प. आपल्याला काय कळतं, असं वाटायचं. वर्ष सरलं आणि साइटच बंद पडली. फोन केला तर म्हणतो, साइटचं नाव, म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ता, चालू ठेवायचे बारा हजार पडतील. त्या दिवाळीत तू घरी आली होतीस. फराळाची ताटली बाजूला ठेवून तू मोबाइलवर काहीतरी शोधलंस आणि मला दाखवलंस, आमच्या धंद्याचं डॉट इन नाव त्या माणसाने स्वतःच्या नावावर घेतलं होतं. असल्या नावाचं वर्षाचं भाडं साधारण हजाराच्या आतबाहेर. जमीन आमची, सातबारा त्याचा, असा प्रकार. रातांब्याचं रोप नर की मादी ते फुलं येईपर्यंत कळत नाही, आणि फुलायला सहा-सात वर्षं जातात. वेबसाइटवाल्याचं एका वर्षात कळलं, तेवढंच बरं.

मला वाटलं, तू लगेच लॅपटॉप उघडशील. तू खळ्यात पाय पसरून बसलीस आणि विचारलंस, 'काकी, गिऱ्हाईक फोन करतं तेव्हा पहिलं काय विचारतं?' मी म्हटलं, 'भाव.' 'त्याच्या आधी?' मग आठवत गेले. आगळात साखर असते का? एका बाटलीत किती सोलकढी होते? फ्रिजमध्ये ठेवायचं की बाहेर? आमसूल आणि कोकम एकच का? पार्सलात बाटली फुटली तर? दुपारभर तू हे लिहीत होतीस, आणि शेवटी म्हणालीस, 'झाली तुझी वेबसाइट.' तेव्हा मला ती थट्टा वाटली. पण आज साइटवर दिसतं ते म्हणजे त्या प्रश्नांची उत्तरंच, माझ्याच शब्दांत. 'आगळात फक्त रातांब्याचा रस आणि मीठ, साखर घातली की ते सरबत' हे एक वाक्य लिहिलं आणि रोजचे निम्मे फोन बंद झाले.

फोटोंसाठी मात्र तू मे महिन्यापर्यंत थांबायला लावलंस. तेव्हा राग आला होता. पण रातांबे पिकल्याशिवाय फोटो कसले? सालं रसात बुडवायची, उन्हात घालायची, परत बुडवायची, असं पुटावर पूट देत ती काळीभोर होईपर्यंत तू रोज सकाळी खळ्यात हजर. सासूबाईंची रसाने लाल झालेली बोटं तू टिपलीस. तो हात आता साइटवर सगळ्यात वर आहे आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! आल्यागेल्याला फोन पुढे करून दाखवतात. मी 'चेहरा तरी घ्यायचा' म्हटलं, तर तू म्हणालीस, 'हात पुरे.'

मग तू एक गोष्ट केलीस, ती मी कधी विसरणार नाही. साइट तयार झाल्यावर तुझ्या चकचकीत फोनवर पाहिलीच नाहीस. सासूबाईंचा जुना फोन घेतलास आणि विहिरीकडे गेलीस, जिथे रेंजची जेमतेम एक काडी येते. तिथे उभी राहून मोठ्याने मोजत होतीस. एक, दोन, तीन... अकरापर्यंत गेलीस आणि तोंड वाकडं करून परत आलीस. एकेक फोटो चार-पाच एमबीचा होता म्हणे. ते सगळे दोनशे केबीच्या आत आणलेस, वरचा सरकता पट्टा काढून टाकलास, तो माझ्या फार आवडीचा होता, आणि पुन्हा विहिरीवर. या खेपेला चारलाच उघडली. 'काकी, ठाण्याची बाई लोकलमध्ये उभ्याने बघणार. तिला अकरापर्यंत कोण मोजायला लावणार?'

गूगलच्या नकाशावर आमचं ठिकाण हायवेच्या पलीकडे, कुणाच्या तरी शेतात दाखवत होतं. ते बदलायचं तर व्हिडिओ मागितला. रस्ता दाखवा, पाटी दाखवा, तुम्हीच मालक ते दाखवा. आमच्याकडे पाटीच नव्हती! पहिला व्हिडिओ नापास. मग पत्र्यावर पाटी रंगवून घेतली, आणि दुसऱ्यांदा मी कमरेची किल्ली काढून पडवीतल्या दुकानाचं कुलूप उघडताना तू शूटिंग केलंस. पास. भाच्याने लगेच हिशोब मांडला, सगळ्या पाहुण्यांना पाच-पाच तारे द्यायला सांगू. तू त्याला असा झापलास की तो अजून तुझ्यासमोर तारे हा शब्द काढत नाही.

आणि तो शिक्का. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, मला वाटलं आपण सिंधुदुर्गातले म्हणजे त्याचं बोधचिन्ह आपलंच. लेबलावर छापायला टाकणार होते. तू अडवलंस. अधिकृत वापरकर्ता म्हणून आधी नोंद करावी लागते, तोवर ते चिन्ह लावायचं नाही. अन्नपरवान्याचा चौदा आकडी नंबर मात्र मोठ्या अक्षरांत साइटवर घातलास. 'जे आहे ते ठळक लिही, जे नाही ते उसनं आणू नको.'

जाहिरातीचं सांगायला लाज वाटते. तुला न विचारता मी फेसबुकवरचं ते 'बूस्ट'चं बटण दाबलं, दोन हजार घातले. लाइक आले ढीगभर, ऑर्डर एकही नाही. तू ओरडली नाहीस, फक्त विचारलंस, 'ज्यांनी लाइक केलं ते कुठले?' बघितलं तर सोलकढी कशाशी खातात ते ठाऊक नसलेले दूरदूरचे लोक. नंतर तू मुंबई, ठाणे, पुणे एवढंच निवडलंस, मार्चअखेर सुरू केलंस, उन्हं तापतात तेव्हा, आणि खर्च दिवसाला शंभरवर बांधून दिलास. त्यातून काही हत्ती-घोडे आले नाहीत. पण आलेले लोक पुढच्या उन्हाळ्यात जाहिरातीशिवाय परत आले.

आपलं खरं भांडण झालं ते मुटयालवरून. तीन महिन्यांनी तू मला ती यादी दाखवलीस, लोक गूगलवर काय टाइप करून आपल्यापर्यंत येतात त्याची. 'मुटयाल' एकानेही टाइप केलं नव्हतं. 'कोकम बटर' मात्र कितीतरी जणींनी, साबण करणाऱ्या, टाचांच्या भेगांवाल्या. मी म्हटलं, 'बटर? लोण्याचा काय संबंध? रातांब्याच्या बियांचं तेल आहे ते!' आता पानावर दोन्ही नावं आहेत, मुटयाल वर आणि कोकम बटर खाली. वर-खालीचा तो निवाडा सासूबाईंनी दिला.

एका बाबतीत मात्र माझं खरं ठरलं, ते कबूल कर. तुला साइटवर गाडा हवा होता, वस्तू टाका, पैसे भरा, मोकळे व्हा. मी म्हटलं, आपलं गिऱ्हाईक बोलल्याशिवाय पैसे देत नाही. झालं तसंच. दहातले आठ जण हिरवं बटण दाबून व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, 'काकू, यंदाची आमसुलं आहेत ना?' विचारतात आणि मग यूपीआय करतात. तुझी ती तिरप्या रेघेची युक्ती मात्र झकास. उत्तर देताना मी रेघ मारून 'भाव' लिहिलं की सगळं दरपत्रक आपोआप येतं. सासूबाईंना तो चमत्कार वाटतो.

पण हे सगळं बाजूला ठेव. पत्र लिहायला बसले ते निळ्या वहीसाठी. नवीन नाव घेताना तू माझा ईमेल, माझा मोबाइल, माझंच कार्ड वापरायला लावलंस. मी म्हणत होते, 'गो, माका ह्यातला काय कळाचा नाय, तुझ्याच नावावर ठेव.' तू म्हणालीस, 'आणि मी पण वर्षाने बारा हजार मागितले तर?' मग शाळेची निळी वही आणलीस. नाव कुठून घेतलं, मुदत कधी संपते, साइट कुठल्या कंपनीच्या जागेवर आहे, पासवर्ड काय, अडलं तर कुणाला फोन करायचा, सगळं मराठीत, माझ्याच हाताने लिहून घेतलंस. ती वही देवघरातल्या पेटीत असते, सोनं गहाण ठेवल्याच्या पावतीशेजारी.

परवा मुदत संपत आली. वही काढली, चष्मा लावला, पायरी पायरीने गेले. ओटीपी दोनदा चुकला. आठशे चौतीस रुपये गेले आणि पुढचं वर्ष माझ्या नावावर आलं. तुला फोन करायचा मोह झाला होता, मुद्दामच केला नाही. म्हणून हे पत्र.

तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर डबा पाठवलाय. आमसुलं यंदाची, आगळाच्या दोन बाटल्या, आणि तुझ्या आईने दिलेले काजू. बाटल्या उघडताना बेसिनवर धरून उघड, प्रवासात फुगतात. पैसे पाठवलेस तर परत येतील, यूपीआय मलाही येतं आता.

तुझी काकी