कंबोडिया सेवायात्रेबाबत सूचना

मंडळीतील प्रिय बंधुभगिनींनो,

सेवायात्रेस जाणाऱ्या सर्वांनी कृपया नोंद घ्यावी की, कंबोडियातील बालगृहांत राहणाऱ्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असून, गरिबीमुळे व शिक्षणाच्या आशेने ती घरापासून दुरावलेली आहेत. अशा गृहांतील अल्पकालीन स्वयंसेवेमुळे मुलांना होणाऱ्या हानीची दखल संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही २०१९ मध्ये घेतली आहे. अनाथांचा समाचार घेणे ही शास्त्राची आज्ञाच आहे, परंतु दोन आठवडे लळा लावून आपण परत निघालो की त्या लेकरांना ते फार जड जाते. म्हणून बालगृहात मुक्काम न करता, मुलांना स्वतःच्या कुटुंबात राहता यावे यासाठी झटणाऱ्या स्थानिक सेवकांना आपण साहाय्य करणार आहोत. मुलांची छायाचित्रे कोणीही प्रसारित करू नयेत.

सचिव, सेवायात्रा समिती