लपवलेली बटणे नकोत

महोदय,

आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठांना मी रविवारी मोबाइल आणि स्मार्ट घड्याळ वापरायला शिकवते. ॲपलने २०२० मध्ये आपल्या घड्याळांसाठी वॉचओएस ७ ही नवी प्रणाली आणताना ‘फोर्स टच’ काढून टाकले, तो निर्णय मला आजही शंभर टक्के पटतो. २०१५ च्या पहिल्या घड्याळापासून काच जोरात दाबली की दडलेला मेनू उघडायचा. पण इथे दाबा, अशी खूण पडद्यावर नसे. सगळ्या सूचना (नोटिफिकेशन) एकदम पुसायची सोयही तशीच दडलेली. आता यादीच्या अगदी वर गेले की त्याचे बटण समोर दिसते.

डायल बदलायला मात्र, सेटिंग बदलले नसेल तर, अजूनही बोट दाबून धरावे लागते, हे खटकते. वर्गातल्या एका काकूंची बोटे संधिवाताने आखडली आहेत. दाबून धरताना बोट थरथरते, सरकते आणि भलतेच काहीतरी उघडते. मग त्या घड्याळ काढून पर्समध्ये टाकतात.

आपल्याकडे स्वस्त घड्याळे विकणाऱ्या कंपन्यांनी निदान फोन उचलणे, गजर बंद करणे आणि मदत मागणे यांसाठी ठळक, मराठीत नाव लिहिलेली बटणे द्यावीत.

– एक वाचक, ठाणे